पोर बरोबर आहे, हे विसरू नका

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला, ओहोळ वाहते झाले, की बदलापूरपासून बारवीकडच्या गावांपर्यंत रात्री शेताशेतांतून उजेड फिरताना दिसतो. पूर्वी हा उजेड टेंभ्यांचा आणि कंदिलांचा असे, आता बॅटऱ्यांचा असतो. ही माणसे हरवलेले ढोर शोधत नसतात. ती खेकड्यांना निघालेली असतात. कुणाच्या हाती पिशवी, कुणाच्या हाती डबा, आणि कितीतरी जणांच्या मागे, बापाच्या नाहीतर काकाच्या सदऱ्याचे टोक धरून चाललेले एक लहान पोर.

त्याआधी संध्याकाळी घरात काय झालेले असते, तेही तुम्हाला ठाऊक आहे. पोर हट्ट धरून बसलेले असते, "मला पण यायचंय." आई म्हणते, "रात्रीचं विंचूकाट्याचं कुठं नेताय त्याला?" बाप म्हणतो, "आम्ही नाही का गेलो लहानपणी?" आणि चुलीपुढची आजी म्हणते, "न्या, पण हात सोडू नका."

मंडळी, या तिघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार करायला हवा. लहान मुलाला शिकारीला, मासळीला, खेकड्यांना बरोबर न्यावे का? न्यावे तर कशाला न्यावे, कशाला नेऊ नये, आणि नेले तर काय सांभाळावे?

सोडलेला खेकडा

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. मी सात वर्षांचा असेन. आजा मला पहिल्यांदा खेकड्यांना घेऊन गेला. माझे काम एकच, कंदील धरायचा आणि बोलायचे नाही. बांधाच्या कडेला एक भला मोठा खेकडा दिसला. आज्याने त्याला पाठीवरून दाबला, मागून उचलला आणि उलटा करून माझ्यासमोर धरला. पोटाखाली एक रुंद, गोलसर पट्टी होती. आज्याने ती बोटाने अलगद उचलली. आत बाजरीच्या दाण्याएवढी पिल्ले गच्च भरलेली होती आणि हलत होती.

आजा म्हणाला, "ही लेकुरवाळी आहे. हिला आज घरी नेली, तर पुढच्या साली तू काय पकडशील?" आणि त्याने तो खेकडा परत बिळाच्या तोंडाशी ठेवला. मी रडलो. त्या रात्रीचा सगळ्यांत मोठा खेकडा तोच होता.

आज त्या रात्री किती खेकडे मिळाले, कालवण कसे झाले, यातले मला काही आठवत नाही. सोडलेला तेवढा आठवतो. नंतर शाळेत कळले, की समुद्रातले खेकडे अंडी फुटताच बारीक पिल्ले पाण्यात सोडून मोकळे होतात, पण आपल्या शेतातला गोड्या पाण्याचा खेकडा तसा नाही. त्याची मादी अंडी पोटाच्या पट्टीखाली धरते, पिल्ले तिथेच फुटतात आणि काही दिवस तिथेच राहतात. म्हणजे पोटुशी मादी पकडली, की अख्खे घर उठले. आज्याला हे पुस्तकातून कळले नव्हते. तो त्याच्या आज्याबरोबर गेला होता.

मला सांगायचे आहे ते एवढेच आहे. पोर बरोबर असते तेव्हा तुम्ही काय पकडता यापेक्षा तुम्ही काय सोडता हे ते जास्त ध्यानात ठेवते. आणि तुम्ही काहीच सोडले नाही, तर तेही ध्यानात ठेवते.

हाक्याचे दिवस गेले

आपल्या या पट्ट्यात शिकार काही नवी नाही. मलंगगडाच्या कुशीत, बारवीच्या रानात, माथेरानच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. कात तयार करणारे म्हणून कातकरी हे नाव पडले, पण रानाची वाट, पाऊलखूण, बीळ ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नाही. जुनी माणसे हाक्याच्या गोष्टी सांगतात. एका बाजूला दबा धरून बसलेले मोठे, दुसऱ्या बाजूने डबे वाजवत, आरोळ्या देत रान उठवणारी पोरे. गुरे राखणाऱ्या पोराच्या गळ्यात गलोल असायचीच. शेतकऱ्यांच्या घरांतूनही सशाला, तितराला, रानडुकराला जाणारे होते.

ते दिवस आता संपले, आणि हे घरात स्पष्टपणे सांगायला हवे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेसाठी परवान्यावर होणारी शिकारही उरली नाही. आज ससा, भेकर, साळिंदर, तितर, लावा, मोर, घोरपड, यांतले काहीही मारणे हा गुन्हा आहे. फासा लावणे हासुद्धा गुन्हाच. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपडीसारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन वर्षे आणि सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. "आमच्या गावात कोण बघतंय" असे म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की बघणारे पोर त्याच्या शेजारीच उभे असते. मुलाला चोरून करायच्या कामाचा साक्षीदार बनवणे बापाला शोभत नाही. आज तो सशाबद्दल गप्प राहायला शिकतो, उद्या दुसऱ्या कशाबद्दल गप्प राहील.

यात एक अडचण खरी आहे, ती रानडुकरांची. हातातोंडाशी आलेले भात एका रात्रीत लोळवून टाकतात, तेव्हा शेतकऱ्याच्या जिवाची काय तगमग होते ते शहरात बसून कळायचे नाही. पण त्यावर काही जण जो उपाय करतात तो रोगापेक्षा भयंकर आहे. तारेचा फासा, कुंपणात सोडलेली वीज, आणि खाण्याच्या गोळ्यात लपवलेला गावठी बाँब. या तिन्ही गोष्टींना डुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. सकाळी शेतात पळत जाणारे पोर, बांधावर चरणारी गाय, राखणीचा कुत्रा, कुणीही सापडतो. अशा कामाला मुलाला नेऊ नका, आणि तुम्हीही जाऊ नका. नुकसान झाले की लगेच, तीन दिवसांच्या आत जवळच्या वनअधिकाऱ्याला लेखी कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज लावा. हेलपाटे पडतात हे कबूल, पण पोराचा हात गेला तर त्याची भरपाई कुठले सरकार देणार? वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

मग उरले काय?

उरले ते पुष्कळ आहे. खेकडे आहेत, ओहोळातली मासळी आहे, आणि भातकापणीनंतर बांधातले उंदीर आहेत. कातकरी कुटुंबे कापणी झाली की लहानमोठ्यांसकट शेतात येतात आणि उंदरांची बिळे खणतात. उंदरांनी साठवलेल्या भाताच्या लोंब्याही त्यातून निघतात. शेतकऱ्याचा शत्रू कमी होतो आणि त्यांच्या घरी धान्य जाते. चालू बीळ कोणते आणि सोडलेले कोणते, हे त्यांचे सहा वर्षांचे पोर ताज्या मातीवरून सांगते. आपली शाळेत जाणारी पोरे त्यांच्या शेजारी तासभर बसली, तर त्यांना कमीपणा येणार नाही, काही तरी शिकूनच येतील.

पण खरा सोहळा असतो तो वलगणीचा. पहिल्या पुरात उल्हास नदीतले मासे ओढ्यात चढतात, ओढ्यातून ओहोळात आणि ओहोळातून भातखाचरात. आपण त्यांना वलगणीचे मासे म्हणतो, कुणी चढणीचे म्हणतात. बांधावरून पाणी पडते तिथे मासे उड्या मारताना पाहणे ही मुलांची जत्राच असते. पण हे मासे वर का चढतात, हे आपण पोरांना कधी सांगतो का?

ते अंडी घालायला येतात. नुकत्याच भिजलेल्या जमिनीवरचे पाणी उथळ असते, कोमट असते, त्यात खाणे भरपूर आणि खाणारे मोठे मासे थोडे. पिल्ले वाढायला याहून चांगला पाळणा नाही. म्हणून तर या दिवसांतला मासा गाभोळीने भरलेला असतो आणि आपल्याला तो चवदार लागतो. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. कालवणात एक गाभोळी पडली, म्हणजे काय पडले, याचा हिशेब पोराला चुलीजवळ बसून सांगा. भाताचे बियाणे दळून खाणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? तोच हिशेब इथे आहे.

मी मासे खाऊ नका असे सांगत नाही. बापजाद्यांनी खाल्ले, आपणही खाऊ. पण पूर्वी चार घरे एका ओहोळावर जात, हाती एखादी झोळी नाहीतर पाग असे, आणि एका वेळच्या कालवणापुरते मिळाले की माणसे परतत. आता ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळे बांधून टाकतात आणि एकही मासा वर जाऊ देत नाहीत. कुणी पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतात. कुणी विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात प्रवाह सोडतात. यात मासा तर मरतोच, त्याचे पिल्लू मरते, बेडूक मरतो, आणि पाण्यात पाय घातलेला माणूसही मरतो. असला प्रकार चालू असेल तिथून पोराला घेऊन माघारी फिरा. नुसते माघारी फिरण्यानेही पोर शिकते.

घराघराने पाळावेत असे चार नियम सांगतो:

पोटाखाली अंडी किंवा पिल्ले असलेली खेकडीण सोडायची. नराची पोटपट्टी अरुंद, निमुळती असते, मादीची रुंद आणि गोल. हे ओळखणे सहा वर्षांच्या मुलालाही एका रात्रीत जमते. ओळखायचे काम त्यालाच द्या.

ओहोळ कधीही पूर्ण अडवायचा नाही. अर्धा मासळीला मोकळा ठेवायचा.

मरळीचे लालसर पिल्लांचे झुंड पाण्यावर दिसले, तर तिथे गळ टाकायचा नाही. त्या झुंडीखाली आईबाप राखण करत असतात. राखणदार मारला की झुंड दिवसभरात दुसऱ्यांच्या पोटात जाते.

जाळ्यात कासव आले तर जिवंत सोडायचे. ते कायद्याने राखलेले आहे. आणि एका वेळचे कालवण झाले, की पिशवीचे तोंड बांधायचे.

आईचे म्हणणे

आता आईच्या काळजीकडे वळू, कारण ती काही उगाच घाबरत नाही.

पहिली भीती पाण्याची. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगवते. बदलापुरात ऊन असले तरी वर घाटात पाऊस कोसळत असतो आणि पाणी तासा-दोन तासांत चढते. २६ जुलै २००५ चा पूर या भागातली माणसे विसरलेली नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. जिथे रेल्वेगाडीचे काही चालले नाही, तिथे तुमच्या मुलाचे काय चालणार? म्हणून नदीच्या पात्रात आणि कोंडेश्वरासारख्या कुंडांच्या काठावर पोराला घेऊन मासळीला जायचे नाही. पोराची जागा बांधावर, घोट्याएवढ्या पाण्यात. ओहोळाचे पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहत आली, की पकडलेले असेल ते हातात घेऊन आधी वर यायचे.

दुसरी भीती सापाची आणि विंचवाची. खेकडा, बेडूक आणि साप यांची फिरायची वेळ एकच. घोणस, फुरसे, नाग, मण्यार हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. बिळात हात घालायचे काम पोराला कधीही देऊ नका, मोठ्यांनीही ते टाळावे. दगड उलटायचा तो काठीने, आणि आपल्याकडे ओढून, म्हणजे खालचे जनावर पलीकडे निघते. पायात गमबूट असलेले बरे.

साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. पोराला चालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता उचलून थेट दवाखान्यात न्या. १०८ नंबरवर गाडी मागवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे का, हे पावसाळ्याआधीच जाऊन विचारून ठेवा. या भागात उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. भगताकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

विंचवाचेही तसेच. कोकणातला लाल विंचू पूर्वी पोरांचा काळ होता. महाडसारख्या गावी राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाचे औषध त्यावर लागू पडते हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून असंख्य मुले वाचली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे औषध वेळेवर पोटात गेले तरच उपयोग. पोराला घाम फुटला, हात-पाय गार पडले, उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट लहान वाटते, पण मोठी आहे. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू देऊ नका. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. चिखलातून आल्यावर साबणाने पाय धुवायचे, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरला चिखलात गेलो होतो हे आठवणीने सांगायचे.

आणि वय? माझे मत विचाराल तर पाच वर्षांच्या आतले मूल रात्री नेऊच नये. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाउजेडी, घराजवळच्या शेतात न्यावे. दहाच्या पुढे रात्री न्यायला हरकत नाही, पण एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि तो प्यायलेला नसावा. ही शेवटची अट मायबहिणींनी दारातच तपासावी. बारवीच्या रानाला लागून ज्यांची शेते आहेत, तिथे बिबट्या फिरतो. तिथे पोराला एकटे मागे राहू देऊ नका.

आणखी एक. आपण "पोर" म्हणतो तेव्हा मुलगाच डोळ्यासमोर आणतो. लेकीला घरी ठेवतो आणि खेकडे निवडायचे काम तेवढे तिला देतो. तिलाही न्या. खेकडीण सोडायची का, हे तिला जास्त लवकर कळेल.

यातून मिळते काय?

कुणी म्हणेल, एवढ्या अटी पाळून पोराला न्यायचे तरी कशाला? घरी अभ्यास करू द्या. याला तीन उदाहरणांनी उत्तर देतो.

पहिले उदाहरण मुंबईचे. सलीम अली १८९६ साली जन्मले. आईबाप लहानपणीच गेले. खेतवाडीत राहणारे त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामा स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला छऱ्याची लहान बंदूक दिली. दहा वर्षांच्या त्या पोराने एक चिमणी पाडली, आणि उचलून पाहतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कसली चिमणी? मामांनी "टाकून दे" असे म्हटले नाही. त्यांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत साहेबांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी हे समजावून सांगितले. पोराचे आयुष्य तिथेच वळले. तोच पुढे भारताच्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार झाला, १९७६ साली पद्मविभूषण झाला. १९८५ साली आलेल्या आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नावही त्या चिमणीच्या पडण्याचेच दिले. बंदूक देणारे मामा त्या काळी पुष्कळ होते. पोराच्या प्रश्नाला मान देणारे मामा थोडे होते.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतले. चेन्नईजवळ इरुला नावाची आदिवासी जमात आहे. साप शोधण्यात त्यांची बरोबरी कुणी करत नाही, कारण ते आईबापांबरोबर रानात हिंडतच वाढतात. पूर्वी ते सापाच्या कातड्यासाठी साप मारत. १९७२ च्या कायद्यानंतर तो धंदा बुडाला. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते साप जिवंत पकडतात, विष काढतात आणि सापाला परत रानात सोडतात. त्या विषापासून लस होते, आणि ती देशभरच्या दवाखान्यांत जाते. २०२३ साली त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना पद्मश्री मिळाली. लहानपणी शिकलेली तीच नजर, पण आज ती माणसे वाचवते.

तिसरे आपल्या कोकणातले. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासविणी अंडी घालायला येतात. पूर्वी माणसे वाळूतला माग पाहून ती अंडी उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने गावकऱ्यांनी अंडी राखायला सुरुवात केली. वाळूतला माग आजही पाहावाच लागतो, पण आता तो घरट्यावर कुंपण घालण्यासाठी. पिल्ले समुद्रात सोडतात तेव्हा बघायला दूरदूरचे लोक मुलांना घेऊन येतात, गावात उतरतात, जेवतात, आणि गावाला चार पैसे मिळतात.

तिन्ही ठिकाणी शोधणारी नजर जुनीच आहे, फक्त ती राखणीला लागली. ती पुस्तकातून येत नाही. बापाच्या, आईच्या, आज्याच्या मागे चालूनच येते.

नदी आहे तोवर

एक दुःखाची गोष्ट सांगायची राहिली. अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही पाहिले असेल. शिलालेखाप्रमाणे ते १०६० सालचे आहे. त्याच्या कडेने वालधुनी नदी वाहते. तिला आता नदी म्हणायचे की नाला, हा प्रश्न पडतो. कारखान्यांचे रंगीत पाणी आणि गावाची घाण घेऊन ती अंबरनाथहून उल्हासनगरला जाते आणि कल्याणला उल्हास नदीला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरात कुणीतरी तिच्यात ओतलेल्या रसायनाचा वायू उल्हासनगरात पसरला आणि शेकडो माणसांना दवाखाना गाठावा लागला. ज्या उल्हास नदीवरून १९४९ साली त्या शहराला नाव मिळाले, तिच्यावरही आता जागोजागी जलपर्णी साचते.

वालधुनीच्या काठचा बाप आज आपल्या पोराला कुठल्या वलगणीला नेणार? तुमच्या गावच्या ओहोळात अजून मासा चढतो, खेकडा बांधावर येतो. हे धन आहे आणि ते टिकेलच अशी खात्री नाही. शहर वांगणीपर्यंत येऊन ठेपले आहे. उद्या कुणी तुमच्या ओहोळात घाण पाणी सोडले, तर ग्रामसभेत उठून कोण बोलणार? ज्याने लहानपणी त्या ओहोळात कंदील धरला, तोच बोलेल. ज्याने ओहोळ पाहिलाच नाही, त्याला तो नालाच वाटणार.

तेव्हा या पावसात पोराने हट्ट धरला, तर त्याला गप्प बसवू नका. शाळेच्या जुन्या वहीची चार कोरी पाने त्याला द्या. पहिला पाऊस कधी पडला, मासा कधी चढला, किती खेकडे धरले आणि किती सोडले, हे त्याला रोज लिहू द्या. पाच वर्षांनी ती वही काढून बघा. ओहोळ भरभराटीला आहे की आटतो आहे, ते तुम्हाला पोराच्या अक्षरात वाचायला मिळेल.

आणि घरी परतल्यावर आईने पिशवीत किती आहे हे जरूर विचारावे, पण आधी पोराला जवळ घेऊन दुसरे विचारावे, "आज काय सोडलंस रे?"